दुसरीच्या बाई

माझी मुलगी सुमन आता पुण्याला असते. तिला स्वतःची मुलं आहेत. पण फोनवर बोलताना अजूनही तिच्या तोंडून मधूनच येतं, "बाई असं म्हणायच्या," आणि दरवेळी मला ते बारीकसं टोचतं. कारण मीसुद्धा बाईच होते. त्याच शाळेत, त्याच ओसरीवर, शेजारच्या वर्गात. जन्मभर मास्तरकी केली मी. तरी सुमनच्या बोलण्यात 'बाई' आलं की त्या सोनकांबळे बाई. मी म्हणजे 'माय'. माय काय, सगळ्यांनाच असते.

सोनकांबळे बाई आमच्या गावी आल्या तेव्हा उस्मानाबादेतून लातूर जिल्हा नुकताच वेगळा निघाला होता. गाव आमचं अहमदपूरकडचं. पेंटरनं शाळेच्या पाटीवरच्या 'जि. उस्मानाबाद'वर पांढरा रंग मारून 'जि. लातूर' लिहिलं, पण ऊन लागलं की खालची जुनी अक्षरं वर दिसायची. जिल्हा नवा आला आणि पाऊस गेला. आडातला गाळ दिसायला लागला, टँकर आला की गल्लीत घागरींची रांग लागायची. मुलं दप्तराबरोबर आपापली पाण्याची बाटली आणायची आणि तिच्यावर डोळा ठेवून बसायची.

अशा दिवसांत या बाई एका हातात ट्रंक आणि दुसऱ्या हातात कापडी पिशवी घेऊन यष्टीतून उतरल्या. पिशवी वाजत होती. आत बाटल्याच बाटल्या. औषधाच्या, शाईच्या, तेलाच्या, सरबताच्या. माहेर देगलूरचं, नवरा हदगावच्या डेपोत कंडक्टर, मूलबाळ नव्हतं. बुटक्या, काळ्यासावळ्या, आवाज घोगरा. गावात त्यांना खोली मिळायला वेळ लागला. का लागला ते सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कुणी नव्हतं. शेवटी रहमानभाई टेलरनं आपली मागची खोली दिली.

त्यांना दुसरीचा वर्ग मिळाला. माझ्याकडं तिसरी. मध्ये बांबूच्या तट्ट्याचा आडोसा. माझी सुमन त्या वर्षी दुसरीत होती.

खरं सांगायचं तर बाईंना पुष्कळ गोष्टी येत नव्हत्या. फळ्यावर अक्षर काढलं की ओळ उतरत उतरत कोपऱ्यात जायची. कविता म्हणायला लागल्या की मुलं हसायची. हजेरी घ्यायला विसरायच्या. मला बरं वाटायचं. माझं अक्षर छापल्यासारखं, माझा आवाज गोड, माझ्या वर्गाचे पाढे अख्ख्या तालुक्यात पहिले. म्हटलं, असू दे बिचारी.

मग एके दिवशी तट्ट्यापलीकडून आवाजच येईना. दुसरीचा वर्ग आणि शांत? मी फटीतून डोकावले. बाईंनी टेबलावर पाण्याचे दोन पेले ठेवले होते आणि हातात अंडं. एका पेल्यात अंडं हळूच सोडलं, ते तळाला जाऊन बसलं. पळीनं काढलं, पुसलं, दुसऱ्या पेल्यात सोडलं. ते वर तरंगलं.

"जादू!" एक पोरगं ओरडलं.

"जादू म्हणलास की बघायचं संपलं," बाई म्हणाल्या. "चूडू."

चूडू म्हणजे तेलुगूत बघ. देगलूरकडची बोली, तीन भाषांची मिसळ. हा शब्द त्यांच्या तोंडात सारखा असायचा, आणि तो म्हणून झाला की त्या गप्प बसायच्या. अशा गप्प की दुसऱ्याला अवघड व्हावं. मला ते कधीच जमलं नाही. मी प्रश्न विचारला की उत्तर माझ्याच जिभेवर येऊन नाचायचं. बाई मात्र ओठांवर पदर धरून बसून राहायच्या, मुलांच्या तोंडाकडं बघत. शेवटी एका पोरीनं पुढं होऊन दुसऱ्या पेल्यात बोट बुडवलं आणि चाटलं.

"बाई, खारट हाय!"

ती पोरगी माझी सुमन होती. तिचा चेहरा मी फटीतून पाहिला. असा चेहरा तिनं माझ्यासमोर कधी केला नव्हता.

तेवढ्यात देशमुख गुरुजी आले. ते आमचे मुख्याध्यापक. "बाई, हितं पेयाला पाणी न्हाई आन् तुम्ही खेळ मांडून राहिलात?"

"माझ्या वाटणीचं हाय, गुर्जी. आज मी पेणार न्हाई."

आणि खरोखरच प्यायल्या नाहीत. मधल्या सुट्टीत चहासुद्धा घेतला नाही, त्यातही पाणी असतं म्हणून. ते मिठाचं पाणी त्यांनी बाटलीत भरून उन्हाळाभर जपलं. साध्या पाण्याचा पेला संध्याकाळी दारातल्या तुळशीसारख्या वाढलेल्या कुठल्याशा रोपाला. गुरुजी पुन्हा बोलले नाहीत.

मग रोजच काहीतरी. पेल्यात आधी काकवी, वर कुंकवाचं लाल पाणी, त्यावर करडीचं तेल. एकावर एक तीन थर, साडीच्या काठासारखे. मुलं घरून काय काय आणायची आणि त्यात टाकून बघायची. खिळा तळाला गेला, बोराची बी काकवीवर थांबली, बुचाचा तुकडा तेलावर. सालासकट लिंबू पाण्यावर तरंगतं आणि सोललेलं बुडतं, हे मला माझ्या मुलीनं जेवताना सांगितलं. सांगितलं म्हणजे काय, माझ्या वरणाजवळचं लिंबू उचलून थेट तांब्यात टाकलं आणि मला म्हणाली, "माय, चूडू." माझ्या घरात, माझ्या ताटावर, त्या बाईंचा शब्द. मला जेवण गेलं नाही.

मी ठरवलं, यात काय मोठं? मीही करीन. अडचण अंड्याची होती. आम्ही बिरादार, लिंगायत, घरात अंड्याचं नावही नाही. रहमानभाईंच्या बायकोकडून गुपचूप एक मागून आणलं. पण वर्गात न्यायचा धीर होईना. आज नको, उद्या करू असं करत ते कपाटात पुस्तकांमागं रुमालात पडून राहिलं. उन्हाळा तर असा की कौलं तापायची. शेवटी एक दिवस मन घट्ट केलं आणि तिसरीपुढं दोन पेले मांडले. आधी छान समजावून सांगितलं, साध्या पाण्यात अंडं बुडतं, कारण ते पाण्यापेक्षा जड. आणि सोडलं.

ते तरंगलं.

मी पळीनं दाबलं. परत वर आलं, गोल फिरलं.

"बाई, तुमचं तर साध्या पाण्यातबी बुडंना!" सगळा वर्ग हसला. तट्ट्यापलीकडं दुसरीही हसली, तिला काही दिसत नसताना. आणि बाई आल्या. मला वाटलं, आता सहानुभूती दाखवणार. ती मी सहन केली असती. पण त्यांनी पेल्याजवळ वाकून डोळे मोठे केले आणि म्हणाल्या, "बिरादार बाई, असलं अंडं मला मिळंना. कुठून आणलं? लई भारी हाय हे. मला द्या की!"

त्यांनी दोन्ही वर्ग ओसरीवर बसवले. आपलं ताजं अंडं आणि माझं जुनं शेजारी शेजारी एकाच पाण्यात. एक खाली, एक वर. आणि गप्प. मुलांनी पाऊण तास डोकं लढवलं. एकानं हलवून कानाशी धरलं, एकानं वास घेतला. शेवटी माझ्याच वर्गातला एकजण म्हणाला, आत सुकून गेलंय, पोकळी झालीय, म्हणून हलकं. मग ते शाळेमागं नेऊन फोडलं आणि वासानं सगळे ओरडत पळाले. तो दिवस मुलं वर्षभर विसरली नाहीत. माझी फजिती झाली होती, तीही त्यांनी माझ्याकडं राहू दिली नाही. तिचाही धडा करून घेऊन गेल्या.

एकदा मात्र माझी पाळी आली. नव्या जिल्ह्याचे नवे साहेब तपासणीला आले, लातूरहून जीपमधून. त्यांनी दुसरीत विचारलं, "घनता म्हणजे काय?" मुलं एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसली. हा शब्द बाईंनी कधी उच्चारलाच नव्हता. मग साहेब तिसरीत आले. माझ्या मुलांनी एका सुरात व्याख्या म्हटली. साहेब म्हणाले, "शाब्बास बाई." देशमुख गुरुजींनी माझ्याकडं कौतुकानं पाहिलं. मी पदर सारखा केला.

जाता जाता साहेब पुन्हा दुसरीत डोकावले. एक पोरगं पेल्यात कापसाची वात लावून खाऱ्या पाण्यावर थेंब थेंब लाल पाणी सोडत होतं, ते मिसळू नये म्हणून श्वास रोखून. साहेब उभे राहिले. मग वाकले. मग चक्क मुलांमध्ये मांडी घालून बसले. सरपंचांच्या घरी त्यांच्यासाठी केलेल्या पुरणपोळ्या थंड झाल्या. मला दिलेली शाबासकी त्यांच्या लक्षातसुद्धा राहिली नसेल.

पण त्या वर्षीची मोठी गोष्ट दुधाची.

माझ्या थोरल्या जाऊबाईंकडं म्हशी होत्या. दुष्काळात गावातली बहुतेक जनावरं छावणीत गेली, यांच्या राहिल्या. अर्ध्या गावाला दूध त्यांचंच. म्हशी वाळत गेल्या तरी कॅन कधी कमी भरायची नाही. दूध निळसर दिसायचं. लोक बघायचे आणि घेऊन जायचे, दुसरीकडं मिळत कुठं होतं?

बाईंनी तेव्हा दवाखान्यातून इंजेक्शनच्या रिकाम्या कुप्या मागून आणल्या होत्या. कुपीत थोडी वाळू, रबरी बुचात खोचलेली खराट्याची काडी. पाण्यात सोडली की कुपी उभी राहायची आणि काडीचं टोक तेवढं वर दिसायचं. मिठाच्या पाण्यात काडी जास्त वर यायची. प्रत्येक पोरानं आपापली कुपी केली, काडीवर शाईच्या खुणा केल्या आणि पोरं गावभर दिसेल त्या पाण्यात ती बुडवत हिंडू लागली.

एका सकाळी सुमन कुपी घेऊन थोरल्या मायच्या, म्हणजे जाऊबाईंच्या गोठ्यात गेली. धार काढलेल्या तांब्यात सोडली. काडी वर. मग ओट्यावर आली. तिथं कॅनभोवती बायका-माणसं भांडी घेऊन उभी होती, मीही होते. कुणाचं लक्ष जायच्या आत तिनं कॅनमध्ये कुपी सोडली. काडी खाली गेली, पार टोकापर्यंत, साध्या पाण्यात जाते तशी.

"थोरली माय, ह्या दुधात पाणी हाय," ती म्हणाली. आरोप म्हणून नाही. लिंबू बुडालं हे ज्या आवाजात सांगितलं होतं, त्याच आवाजात.

जाऊबाईंचा चेहरा लाल झाला. पाण्याबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांनी कुपी उचलून भिरकावली आणि ओरडल्या, "त्या बाईच्या हातची बाटली माझ्या दुधात? बाटवलं सगळं दूध कार्टीनं!"

बाई कुठल्या जातीच्या, हे सगळ्यांना माहीत. भांडी घेतलेले हात मागं सरकले. दुधात पाणी आहे ही गोष्ट बाजूलाच पडली.

सुमननं ओट्यावरचा पेला घेतला, कॅनमध्ये बुडवला आणि घटाघटा प्यायली. ओठांवर पांढरी मिशी. म्हणाली, "पाणचट हाय, पण चांगलं हाय."

मी तिच्या हातातून पेला घेतला, भरला आणि प्यायले. जाऊबाई माझ्याकडं बघत होत्या. भीती वाटली मला, नाही असं नाही. त्या घराशी मला जन्म काढायचा होता. पण त्याहून जास्त जे वाटलं ते सांगते. वाटलं, मी दुसरी. माझ्या आठ वर्षांच्या पोरीनंतर दुसरी. आणि तिला हे बळ आलं कुठून? माझ्याकडून नाही.

मागून एक म्हातारा भांडं पुढं करत म्हणाला, "आम्हालाबी द्या बाई बाटलेलंच. पण म्हशीचं द्या, टँकरचं नको." कुणीतरी हसलं, आणि मग सगळेच.

दूध सुधारलं. पण प्रकरण तिथं संपलं नाही. आमच्या भावकीतली चार माणसं शाळेत गेली, बाईंना हलवा म्हणाली. काहींनी आपली पोरं वर्गातून काढली. रहमानभाईंनाही सांगून झालं, खोली रिकामी करून घे. रहमानभाईंनी शिलाई मशीनवरून मान वर न करता सांगितलं, "कमरा मेरा, किराएदार मेरी. तुमको क्या तकलीफ?"

त्या दुपारी बाई पहिल्यांदा मला घाबरलेल्या दिसल्या. त्यांनी सुमनला जवळ बोलावलं. "मी सांगितलं होतं का, घरी दुधात बुडव म्हणून?"

"न्हाई."

"मग?"

"बघायचं होतं."

बाई तिला काही रागावल्या नाहीत. तिच्या केसांतली सुटलेली रिबीन बांधून दिली. ती गेल्यावर मला म्हणाल्या, "तुमच्या घरात भांडण लावलं मी."

"लावलं तर लावलं," मी म्हणाले. "पाणचट दूध आम्हीही पीतच होतो."

त्या हसल्या. नाकातून हसायच्या, फुर्र असा आवाज काढत. मलाही हसू आलं. पण रिबीन मी सकाळी घट्ट बांधली होती, आणि त्यांनी ती किती सहज बांधली, हेच मी बघत होते.

देशमुख गुरुजींनी कुणालाच हलवलं नाही. काढलेली पोरं आठवड्याभरात आपोआप परत आली. घरी थांबून करणार काय, बाकीची तर रोज नवं काहीतरी बघून येत होती.

वर्ष संपलं, आणि सुमन माझ्या वर्गात येणार म्हणून मी आतून फुलले. निकालाच्या आदल्या दिवशी ती चुलीपाशी येऊन बसली आणि म्हणाली, "माय, मला नापास कर ना."

"का गं?"

"मला दुसरीतच राहायचंय."

भाकरी तव्यावर जळाली. रात्रभर समजावलं, ऐकेना. शेवटी मलाच रहमानभाईंच्या मागच्या खोलीत जावं लागलं, त्या बाईंच्या दारी, माझ्या मुलीला माझ्याकडं पाठवा असं सांगायला. यापेक्षा वाईट वेळ एखाद्या आईवर येते का, मला माहीत नाही. बाई लगेच उठल्या. सुमनला बोलावून म्हणाल्या, "तिसरीत तुझी माय कविता शिकवती. मला कविता येत न्हाई, माझा आवाज बघ कसा. तू शिकून घे आन् मला येऊन म्हणून दाखव."

सुमन तिसरीत आली. कविता सगळ्यांत आधी तिला पाठ व्हायची. मी म्हणताना ती माझ्या तोंडाकडं बघायची, ओठ हलवायची, आणि सुट्टी झाली की तट्ट्यापलीकडं पळायची. मी शिकवलेलं दुसऱ्या दारी नेऊन द्यायची. तिकडून घोगऱ्या आवाजात चुकत चुकत ती कविता ऐकू यायची आणि सुमन त्यांना दुरुस्त करायची. दोघी हसायच्या. मी इकडं वह्या तपासत बसायचे.

त्याच वर्षी बाईंच्या बदलीचा हुकूम आला. नांदेड जिल्ह्यात, अर्धापूरजवळच्या एका गावी. नवऱ्याच्या जवळ. आमच्या गावी यायच्या आधीपासून अर्ज करत होत्या. मी पेढे मागितले. मनातून मला इतकं मोकळं वाटलं की चालता चालता मी कविता गुणगुणत होते.

जायच्या दिवशी सगळी शाळा फाट्यावर गेली. सुमन आली नाही. कणगीमागं भिंतीकडं तोंड करून बसली. "चल, बाई जाताहेत," म्हटलं. हात धरून ओढलं, तर हात सोडवून घेतला. शेवटी मी एकटीच निघाले.

फाट्यावर बाईंचा नवरा सामान बघत होता. शांत, उंच माणूस, कंडक्टरच्या खाकी कपड्यांतच आलेला. पोरं बाईंना चिकटली होती. कुणी रडत होतं, कुणी गजरा देत होतं. बाई प्रत्येकाच्या डोक्यावरून हात फिरवत होत्या, पण डोळे त्या डोक्यांवरून पलीकडं जात होते. एकदा, दोनदा. मग माझ्यावर थांबले.

"सुमन आली न्हाई?"

"रुसून बसलीय," मी म्हणाले. "खूप बोलावलं."

त्यांनी मान हलवली. यष्टी आली, धुरळा उडाला. त्या चढल्या, खिडकीशी बसल्या. मी खिडकीखाली गेले. काहीतरी चांगलं बोलावं असं मनात होतं, पण आधी त्याच बोलल्या.

"तुमचं बरं हाय, बाई," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीपेक्षा घोगरा. "तुम्ही आता घरी जाताल, तर ती दिसंल तुम्हाला."

घंटी वाजली. गाडी नांदेडच्या दिशेला लागली. मी हात वर केला. त्यांनी तो पाहिला की नाही, कळलं नाही. खिडकीतून अर्ध्या बाहेर वाकून, गजऱ्याचा हात गजावर ठेवून, त्या आमच्या गल्लीकडं बघत होत्या.